दुसऱ्याचं मूल सांभाळायला परदेशी जाताना : उन्हाळी शिबिराच्या स्वयंसेवकांसाठी

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्यात दोन-अडीच महिने सुट्टी असते आणि त्या काळात लाखो मुलं घर सोडून शिबिरांत राहायला जातात. मेन, न्यू हॅम्पशर, न्यूयॉर्क राज्यातले ॲडिरॉन्डॅक डोंगर, पेनसिल्व्हेनियातला पोकोनोचा भाग, विस्कॉन्सिनची तळी हे या शिबिरांचे ठरलेले मुलूख. प्रथा जुनी आहे. कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांना पायी समुद्रकाठी नेऊन तंबूत ठेवलं, तिथून तिची सुरुवात मानतात. या शिबिरांना मुलांबरोबर राहणारे, त्यांना शिकवणारे, त्यांच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणारे तरुण लागतात. त्यांना काउन्सेलर म्हणतात, आणि त्यातले बरेच परदेशातून येतात.

आपल्याकडची मुलं-मुली हल्ली याबद्दल विचारू लागली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो आणि दुसरा न्यूयॉर्क बघायला मिळेल का याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण या कामाचा गाभा वेगळा आहे. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही असे आई-बाप आपलं आठ वर्षांचं मूल तुमच्या हवाली करून निघून जातात. अर्जातले चौकस प्रश्न, पोलिसांचा दाखला, लसींची कागदपत्रं, एकांताबद्दलचे कडक नियम हे सगळं त्या एका गोष्टीतून आलेलं आहे. म्हणून एक कसोटी सुरुवातीलाच देऊन ठेवतो. जी संस्था तुमच्याकडे पोलिसांचा दाखला मागत नाही, ओळखीच्या माणसांची पत्रं मागत नाही आणि मुलाखत न घेताच 'सीट पक्की' म्हणते, तिच्या वाटेला जाऊ नका. जिला मुलांची काळजी नाही, ती तुमची काय घेणार?

आधी वाट निवडा

अमेरिकेची वाट सर्वांत रुळलेली आहे, पण तिला काटेकोर अर्थाने स्वयंसेवा म्हणता येणार नाही. तुम्ही जे-१ नावाच्या देवाणघेवाण व्हिसाच्या 'कॅम्प काउन्सेलर' या प्रकारात जाता. राहणं-जेवण मिळतं, वर काही मानधन मिळतं, आणि त्याच कामाला अमेरिकी काउन्सेलरला मिळतो त्या तोडीचा मोबदला तुम्हाला मिळावा असा नियम आहे. हातात येणारी रक्कम मोठी नसते. विमानभाडं, शुल्कं आणि नंतरचं फिरणं धरलं तर बरेच जण जेमतेम बरोबरीत सुटतात. पैसे कमवायला जायचं असेल तर दुसरं काही शोधा.

खरी बिनपगारी वाट युरोपात सापडते. 'वर्ककॅम्प' म्हणजे दोन-तीन आठवड्यांची श्रमशिबिरं, आणि त्यांतली काही खास मुलांसाठीची असतात. गावातल्या किंवा निर्वासित कुटुंबांतल्या मुलांसाठी खेळ, हस्तकला, सहली चालवायच्या, शाळेच्या नाहीतर समाजमंदिराच्या खोलीत गादी टाकून झोपायचं, स्वयंपाक आळीपाळीने करायचा. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही यातली सगळ्यांत जुनी संस्था. पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या गावात १९२० साली पहिलं शिबिर भरवलं, आणि १९३४च्या बिहार भूकंपानंतर तो माणसं घेऊन आपल्याकडेही कामाला आला होता. तिची भारतात शाखा आहे. इथे प्रवास, व्हिसा आणि नोंदणीचं शुल्क तुमचं, राहणं-जेवण त्यांचं. कॉलेजच्या सुट्टीतल्या दोन आठवड्यांत बसणारी हीच एक वाट आहे, त्यामुळे अमेरिकेच्या नादात ती नजरेआड करू नका.

तिसरी वाट सीआयएसव्ही ('चिल्ड्रन्स इंटरनॅशनल समर व्हिलेजेस') या संस्थेची. डॉरिस ॲलन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१मध्ये सिनसिनाटीला पहिलं 'व्हिलेज' भरवलं. निरनिराळ्या देशांतली अकरा वर्षांची मुलं काही आठवडे एकत्र राहतात. प्रत्येक देशातून दोन मुलगे, दोन मुली आणि त्यांच्याबरोबर एकवीस वर्षांवरचा एक ताई किंवा दादा. मुंबईत तिची शाखा आहे. इथे तुम्ही परक्या मुलांकडे जात नाही, इथली चार मुलं घेऊन निघता. त्यामुळे त्यांचे पालक तुम्हाला आधी काही महिने चांगलेच पारखून घेतात. सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी 'ज्युनिअर काउन्सेलर' अशी वेगळी जागा असते.

जे आधीच परदेशात आहेत त्यांचं काम सोपं आहे. आयर्लंडमधल्या मराठी मंडळींनी किल्डेर परगण्यातल्या बॅरेट्सटाउनची चौकशी करावी. पॉल न्यूमन या अभिनेत्याने १९९४मध्ये सुरू केलेल्या या शिबिरात कर्करोगासारख्या गंभीर आजारांतून जाणारी मुलं येतात, आणि स्वयंसेवकांना थोड्या दिवसांसाठीही घेतात. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांनी मात्र कुठल्याही पगारी शिबिराला हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारावं. एका उन्हाळ्यासाठी शिक्षणाचा व्हिसा धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

एका वाटेवर मात्र अजिबात जाऊ नका : पैसे भरून आठवडाभर अनाथालयातल्या मुलांशी खेळायला नेणाऱ्या सहली. नेपाळ आणि कंबोडियात अशा आश्रमांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पुन्हा पुन्हा उघड झालं आहे. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं गोळा केली जातात. इथे तुमच्याकडे पोलिसांचा दाखला कोणी मागत नाही, हे लक्षात घ्या.

पुढचं बरंचसं अमेरिकेबद्दल आहे, कारण गुंतागुंत तिथे जास्त आहे. मुलांशी वागण्याचा भाग मात्र सगळीकडे लागू.

तारखा जुळतात का ते पाहा

बहुतेक निवासी शिबिरं जूनच्या मध्याला सुरू होतात आणि ऑगस्टच्या मध्याला संपतात. त्याआधी आठवडाभर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असतं. म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तिथे हवे. आपली विद्यापीठं मे महिन्यात, कधी जूनमध्येही परीक्षा घेतात आणि नवं वर्ष जून-जुलैत सुरू करतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची यात हमखास कोंडी होते. शाळेतल्या शिक्षकांना तर हे जवळजवळ अशक्यच आहे, कारण आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पदवीचं शेवटचं वर्ष संपवून पुढच्या प्रवेशाची वाट पाहणारे, एम.ए. किंवा बी.एड. करणारे आणि वेळापत्रक लवचीक असलेले खासगी संस्थांचे विद्यार्थी यांना हे जमतं. 'बघू, कॉलेजला सांगू काहीतरी' यावर निघू नका. शिबिराला अर्ध्यात सोडून जाणारा काउन्सेलर नको असतो, आणि खोलीतल्या मुलांना तर मुळीच नको असतो.

अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. दिवाळी झाली की भरून टाका. शिबिरं डिसेंबर ते मार्च या काळात माणसं निवडतात. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांच्या वाट्याला उरलेल्या जागा आणि व्हिसाच्या तारखांची मारामारी येते.

अर्जात काय लिहायचं

नियमाप्रमाणे वय किमान अठरा हवं, इंग्रजी चांगलं हवं, आणि तुम्ही विद्यार्थी, मुलांबरोबर काम करणारे किंवा काही खास कौशल्य असलेले हवेत. यातलं 'मुलांबरोबर काम' आपली मुलं सांगायलाच विसरतात. गल्लीतल्या मुलांची शिकवणी, राष्ट्र सेवा दलाचं किंवा स्काउट-गाइडचं शिबिर, एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या मुलांसाठी घेतलेला खेळांचा तास, बालनाट्याच्या तालमी, गणेशोत्सवात पन्नास मुलांची चित्रकला स्पर्धा सांभाळणं : हे सगळं लिहा, आणि नेमकं लिहा. किती मुलं, काय वयाची, तुम्ही नक्की काय करत होता, एखादं मूल रडलं किंवा भांडलं तेव्हा काय केलंत. 'मला मुलं आवडतात' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते कोणी वाचत नाही.

अनुभव खरोखरच नसेल तर अर्जाआधी तो मिळवा. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शहरात उन्हाळी शिबिरं भरतात आणि त्यांना मदतनीस कमीच पडतात. एक उन्हाळा इथे काढला की पुढच्या वर्षी अर्ज करता येतो. शिवाय चार दिवसांतच कळतं की हे काम आपल्याला झेपतं की नाही.

दुसरा प्रश्न येतो : तुम्ही काय शिकवू शकता? पोहणं, नौका वल्हवणं, तिरंदाजी, गिर्यारोहण, टेनिस, नृत्य, चित्रकला, मातीकाम, नाटक, छायाचित्रण याला मागणी असते. क्रिकेटला फारशी नसते. सह्याद्रीत दोर लावून चढणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक प्रशिक्षणाचा दाखला जोडला तर अर्ज वर येतो. मल्लखांब लिहा, मुलाखतीत त्यावर हमखास प्रश्न येतो, पण तिथे तो उभारून मिळेल अशी आशा धरू नका. विमा आणि सुरक्षेच्या नियमांत तो बसवणं त्यांना अवघड जातं. खो-खो मात्र सोनं आहे. साहित्य लागत नाही, वीस-पंचवीस मुलं एकदम गुंततात आणि नियम दहा मिनिटांत समजतात. लगोरीही चालते. विटी-दांडू नको, विटी डोळ्याला लागते. वारली चित्रं, कागदाचे आकाशकंदील, रांगोळी, लेझीमच्या हालचाली लेझीम हातात न घेता नुसत्या तालावर : यातलं जे खरंच येतं तेवढंच लिहा.

पोहता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. शिबिर बहुधा तळ्याकाठी असतं आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची पोहण्याची चाचणी होते. तळ्याचं पाणी थंड आणि गढूळ असतं, तरणतलावात पोहणाऱ्यालाही दचकायला होतं. हातात पाच-सहा महिने असतील तर जवळच्या तलावावर शिकायला लागा.

शिबिरांचे प्रकारही समजून निवडा. काही खासगी, महागडी असतात, काही वाय.एम.सी.ए. किंवा स्काउटसारख्या संस्थांची, काही गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठीची. काही ज्यू शिबिरं असतात. तिथे स्वयंपाकघर कोशेर म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार चालणारं असतं, बाहेरचं खाणं आत आणता येत नाही आणि शुक्रवारच्या संध्याकाळपासून सब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस पाळतात. अपंग मुलांच्या शिबिरात अंघोळ घालणं, शौचाला नेणं, भरवणं हे रोजचं काम असतं. जमणार असेल तर यासारखा अनुभव नाही, पण हौसेपोटी खूण करू नका.

मुलाखत व्हिडिओवर होते. प्रश्न साधे दिसतात. 'मूल जेवायला नकार देतंय, काय कराल?' 'दोन मुली तिसरीशी बोलत नाहीत, काय कराल?' पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. तुम्हीही प्रश्न विचारा : एका खोलीत किती मुलं, किती काउन्सेलर, मुलांची वयं काय, आठवड्याची सुट्टी केव्हा, शाकाहारी जेवण असतं का, 'अमेरिकन कॅम्प असोसिएशन'ची मान्यता आहे का? त्या संस्थेच्या मानकांनुसार निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या दर सहा मुलांमागे आणि नऊ ते चौदा वर्षांच्या दर आठ मुलांमागे किमान एक कर्मचारी लागतो. मान्यता सक्तीची नाही, आणि ती नसलेलं प्रत्येक शिबिर वाईट असतं असंही नाही. पण 'दोघांत चोवीस मुलं' असं उत्तर आलं तर जाऊ नका.

प्रायोजक, एजंट आणि कागद

जे-१ व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा फॉर्म फक्त अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था देऊ शकते. त्यांची यादी खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर असते. इथला एजंट फार तर त्या प्रायोजकाचा प्रतिनिधी असतो. पहिला हप्ता देण्याआधी प्रायोजकाचं नाव विचारा, ते यादीत आहे का पाहा, आणि प्रायोजकालाच ईमेल करून 'हा तुमचा प्रतिनिधी आहे ना' म्हणून खात्री करा. शिबिराचं नाव, कामाचं स्वरूप आणि मानधन लेखी मिळाल्याशिवाय पुढे सरकू नका.

आणखी एक नियम तोंडपाठ ठेवा. कॅम्प काउन्सेलर व्हिसावर आलेल्याला स्वयंपाकी, भांडी घासणारा, सफाई कामगार किंवा कार्यालयीन कर्मचारी म्हणून ठेवता येत नाही. आपल्या खोलीची झाडलोट, मुलांबरोबर टेबलं पुसणं हे सगळेच करतात, त्याची लाज बाळगू नका. पण दोन महिने मुदपाकखान्यात उभं केलं तर ते नियमाविरुद्ध आहे, आणि प्रायोजकाच्या मदत क्रमांकावर तसं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून काढता येतो, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल किंवा कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात राहत असाल तर पडताळणीला वेळ लागतो, म्हणून जानेवारीतच सुरुवात करा. संदर्भपत्रं नातेवाइकांची चालत नाहीत. ज्यांनी तुम्हाला मुलांबरोबर काम करताना पाहिलं आहे अशा शिक्षकांची, प्रशिक्षकांची घ्या, आणि त्यांना सांगून ठेवा की परदेशातून ईमेल किंवा फोन येईल. आपल्याकडचे बरेच सर 'तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो' म्हणतात. तसं पत्र उलट चौकशीत टिकत नाही.

आरोग्याचा फॉर्म लांबलचक असतो. धनुर्वात आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) या लसींच्या तारखा मागतात. लहानपणचं कार्ड सापडत नसेल तर डॉक्टरांना विचारून लस पुन्हा घेता येते. काहींना लहानपणी फक्त गोवराची लस मिळालेली असते, तेही तपासा. क्षयरोगाची चाचणी मागितली तर एक बारकावा आहे : बीसीजी टोचलेली असल्यामुळे हातावरची त्वचाचाचणी आपल्यात अनेकदा उगाच 'पॉझिटिव्ह' येते आणि मग क्ष-किरण, पत्रव्यवहार सुरू होतो. त्याऐवजी आयजीआरए ही रक्ताची चाचणी चालेल का, ते शिबिराला आधीच विचारा. दमा, फिट्स, नैराश्यावरची औषधं यांपैकी काहीही लपवू नका. लपवलेलं तिथल्या दगदगीत बाहेर येतंच, आणि तेव्हा आठ मुलं तुमच्या भरवशावर असतात.

विम्याचं कलम वाचा. जे-१च्या नियमांत दर आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं. बहुतेक प्रायोजक तो विमा शुल्कातच देतात, पण दात आणि आधीपासूनचे आजार यांचं काय ते पाहा. युरोपातल्या वर्ककॅम्पला जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, आणि प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क २०२४च्या जूनपासून ९० युरो आहे.

व्हिसाची मुलाखत

डीएस-२०१९ हातात आल्यावर डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या नोंदणी यंत्रणेचं शुल्क (काउन्सेलरसाठी ३५ डॉलर, बरेचदा प्रायोजकच भरतो) आणि व्हिसाचं १८५ डॉलर शुल्क भरायचं, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुलाखतीला जायचं. मुंबईतली वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. २०२५च्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद झाली आहे, अर्जाच्या वेळी ते लागू आहे का ते पाहून घ्या.

जून २०२५पासून जे-१ प्रकारच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. अर्जात एखादं खातं विसरलात तर तेही अंगलट येऊ शकतं. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस या व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी काही आठवडे थांबवली गेली आणि उशिरा अर्ज केलेल्यांची पंचाईत झाली. मार्च-एप्रिलची तारीख घ्या, ती यासाठीच.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. अधिकाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हा माणूस खरंच शिबिराला निघालाय का आणि ऑगस्टमध्ये परत येईल का. शिबिराचं नाव, ते कोणत्या राज्यात आहे, तुम्ही तिथे काय करणार, मुलांबरोबर आधी काय केलंय, परत आल्यावर काय : हे आपल्या साध्या इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. पुढच्या प्रवेशाचं किंवा चालू अभ्यासक्रमाचं कॉलेजचं पत्र जवळ ठेवा. 'मामा न्यू जर्सीत आहेत' हे विचारल्याशिवाय सांगू नका, पण विचारलं तर लपवूही नका. डीएस-२०१९ची मूळ प्रत विमानात हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही.

बॅग भरताना

बंद बूट दोन जोड, कारण एक कायम ओला असतो. चांगला रेनकोट, डोक्याला लावायचा टॉर्च, स्वेटर (मेनमध्ये जूनच्या रात्री महाबळेश्वरच्या थंडीची आठवण करून देतात), चादर किंवा स्लीपिंग बॅग शिबिर देतं का ते विचारून. मुलींनी आणि मुलांनीही अंग झाकणारा, साधा पोहण्याचा पोशाख घ्यावा.

आई डबे भरायला घेईल तेव्हा तिला थांबवा. अनेक शिबिरं शेंगदाणा आणि सुकामेवा पूर्ण वर्ज्य ठेवतात. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, दाण्याचा लाडू, काजूकतली यांतलं काहीही खोलीत सापडलं तर प्रकरण गंभीर होतं, कारण तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचा श्वास काही मिनिटांत बंद पडू शकतो. तीळही आलाच. १ जानेवारी २०२३पासून अमेरिकेत तिळाची गणना प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत होते. मेतकूट, पोह्यांचा चिवडा (दाणे न घातलेला) याबद्दलही आधी विचारा.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. पोचल्यावर ती नर्सकडे जमा करावी लागतात. तुमच्या उशाखालची डोकेदुखीची गोळीसुद्धा खोलीत चालत नाही.

मुलं आल्यावर

प्रशिक्षणाच्या आठवड्यात झोप आली तरी वही घेऊन बसा. आग लागली तर, वीज कडाडली तर, मूल हरवलं तर काय करायचं हे सगळं तिथेच सांगतात. तळ्यावर दर थोड्या वेळाने शिटी वाजते आणि प्रत्येक मुलाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा असतो. एक जोडी कमी दिसली की सगळं तळं रिकामं करून शोध सुरू होतो. यात कंटाळा करणाऱ्याला शिबिर ठेवत नाही आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडून गेलेल्याला सर्वांत अवघड जातात ते स्पर्शाचे नियम. आपण लहान मुलाचा गाल ओढतो, मांडीवर बसवतो, लाडाने टपली मारतो, रागावलो तर कान पिळतो. तिथे यातलं काहीच चालत नाही. मिठी मारायची तर बाजूने, सगळ्यांच्या देखत, आणि तीही मुलाने पुढाकार घेतला तर. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. बोलायचं असेल तर ओसरीवर, दुसऱ्यांना दिसेल असं बसायचं. एक चापट मारलीत तर त्याच दिवशी बॅग भरावी लागेल, आणि गोष्ट पोलिसांपर्यंतही जाऊ शकते. 'आमच्याकडे असंच असतं' हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेत नाही. माझ्या मते ऐकून घेऊही नये. हे नियम मुलाला वाचवतात आणि खोट्या आळापासून तुम्हालाही वाचवतात.

एखादं मूल रात्री म्हणेल, 'एक सांगू? कोणाला सांगणार नाहीस ना?' असं वचन देऊ नका. 'तुला कोणी त्रास देत असेल तर मला मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना सांगावं लागेल' एवढं म्हणा, शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, आणि लगेच शिबिराच्या प्रमुखांना सांगा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिबिराच्या कर्मचाऱ्यांवर अशी माहिती कळवण्याचं कायदेशीर बंधन असतं. भारतातही पॉक्सो कायद्याच्या कलम १९ने लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ते आहेच.

घरची आठवण पहिल्या तीन-चार रात्री येते, आणि ती बहुधा झोपायच्या वेळी येते. 'रडू नको' म्हणून काही होत नाही. 'उद्या आईला बोलावू' असंही म्हणू नका, मग मूल दिवसभर उद्याचीच वाट पाहतं. त्याला काम द्या : झेंडा उतरवायला, टेबलं मांडायला, लहान मुलाला गाठ शिकवायला. पत्र लिहू द्या. दिवस भरगच्च गेला की रात्र सोपी जाते. कोणी अंथरूण ओलं केलं तर बाकीची मुलं न्याहारीला गेल्यावर चादर बदला आणि विषय तिथेच संपवा. दुसऱ्या मुलांना कळलं तर त्या मुलाचा उन्हाळा संपला म्हणून समजा.

मुलं तुम्हाला नावाने हाक मारतील, सर नाही की ताई नाही. अवघड नाव असेल तर पहिल्याच दिवशी ते म्हणायला शिकवा, ती पटकन शिकतात. मोठ्यांनाच जास्त वेळ लागतो. मुलांचे फोटो आपल्या खात्यावर टाकू नका, त्यांना फोन क्रमांक किंवा इन्स्टाग्राम देऊ नका, एकाला भेट देऊन बाकीच्यांना वगळू नका. कोणालाही स्वतः गोळी देऊ नका, ताप असो की खरचटणं, नर्सकडे न्या. जंगलातून आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, कमरेला गोचीड चिकटलीय का पाहायला सांगा, स्वतःही पाहा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत तिच्यामुळे लाइम हा आजार होतो. तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली की लांब राहायचं, ती पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की खाजरं पुरळ उठतं.

तुमची स्वतःची दमछाक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. आवाज बसलेला असतो, एकटं बसायला दहा मिनिटं मिळत नाहीत, मोबाइल दिवसभर बंद. सुट्टीच्या दिवशी मॉल फिरण्यापेक्षा झोपा. सहकाऱ्याशी खटका उडाला तर मुलांसमोर नको, वरिष्ठांकडे न्या. आणि दारूचा मोह टाळा : एकवीस वर्षांखाली ती बेकायदा आहे, आणि शिबिराच्या आवारात तर कोणालाच चालत नाही. गांजा काही राज्यांत खुला असला तरी केंद्रीय कायद्यात गुन्हा आहे आणि व्हिसाधारकाला तो फार महाग पडतो. काढून टाकलेल्या काउन्सेलरचा कार्यक्रम प्रायोजक रद्द करतो आणि त्याला लगेच परतावं लागतं. नीट पूर्ण करणाऱ्याला मात्र नंतर तीस दिवस देशात फिरायची मुभा मिळते. त्या दिवसांत काम करता येत नाही, पण न्यूयॉर्क बघून होतं.

पैसे आणि परतल्यावरची कामं

पोचल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज करावा लागतो, शिबिर बहुधा सगळ्यांना एकत्र घेऊन जातं. करासाठी अनिवासी ठरणाऱ्या जे-१ धारकाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांचे कर कापायचे नसतात. पहिल्या पगारपत्रकावर ते कापलेले दिसले तर कार्यालयात तेव्हाच दाखवा, नंतर परत मिळवणं जिकिरीचं असतं. केंद्रीय आयकर मात्र लागू होतो. निघण्याआधी प्रमुखांकडून संदर्भपत्र मागून घ्या, हंगाम संपल्यावर कोणाला आठवण राहत नाही. पुन्हा यायचं असेल तर तेही तेव्हाच सांगा, ओळखीच्या काउन्सेलरला शिबिरं आधी बोलावतात.

पुढच्या जानेवारीत शिबिर डब्ल्यू-२ नावाचा पगाराचा दाखला पाठवतं. त्यावरून १०४०-एनआर आणि ८८४३ हे आयकराचे फॉर्म भरून १५ एप्रिलपर्यंत अमेरिकी आयकर खात्याला पाठवायचे. जास्त कापलेला कर असेल तर तो परत मिळतो. दाखला शिबिराकडे असलेल्या पत्त्यावरच येतो, म्हणून निघताना कार्यालयात घरचा पूर्ण पत्ता पिनकोड आणि फोन क्रमांकासह स्वतः टाइप करून द्या, आणि दाखला ईमेलने पाठवाल का तेही विचारून ठेवा.